ग्रंथपालांना कोण शिकवतं? प्रशिक्षणाच्या संधी आणि त्यांच्या वाटेतले अडसर

भारतात ग्रंथपालांना रीतसर शिकवायला सुरुवात झाली ती १९११ साली, बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला त्यांनी १९१० मध्ये संस्थानात बोलावून घेतलं आणि पुढच्याच वर्षी वर्ग सुरू झाला. बोर्डन तीनेक वर्षं राहून मायदेशी परतले. त्यांच्या मागे ग्रंथालय खात्याचा कारभार ज. स. कुडाळकर यांनी पुढे नेला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे खास ग्रंथालयांचं नियतकालिक निघू लागलं, आणि त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे.

या जुन्या गोष्टीत एक हिशेब दडलेला आहे. शिकून बाहेर पडणाऱ्यासाठी बडोद्यात काम तयार होतं, कारण संस्थानात गावोगाव ग्रंथालयं उघडत होती, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरत होत्या. पाहुणा शिक्षक गेल्यावर गाडा ओढणारा माणूस तिथलाच होता. आणि वाचायचा मजकूर लोकांच्या भाषेत होता. आज विकसनशील देशांतल्या ग्रंथपालांसाठी शिष्यवृत्त्या, कार्यशाळा, ऑनलाइन वर्ग, परिषदा असं पुष्कळ काही आहे. त्यातली कोणती संधी कामाची आणि कोणती भिंतीवर लावण्यापुरती, हे ओळखायला बडोद्याचा हिशेब अजून पुरतो.

आधी मुळातला प्रश्न. पदवी घेतली, नोकरी लागली, मग पुन्हा शिकायचं कशाला? कारण काम बदलत गेलं. पूर्वी तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची, लाकडी खणांतल्या कार्डांवर असे. आता ती संगणकात असते. महाविद्यालयातला विद्यार्थी पुस्तकापेक्षा शोधनिबंध मागतो, आणि तो कुठल्या तरी परदेशी प्रकाशकाच्या कुलपात असतो. तालुक्याच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर अभ्यासिकेत बसतात, त्यांना कादंबरी नको, जाहिरात आणि अर्जाची लिंक हवी. शंभर वर्षांपूर्वीचे अंक हातात घेतले की तुकडे पडतात, ते कसे जपायचे आणि त्यांचं स्कॅनिंग कायद्यात बसतं का, हेही ग्रंथपालालाच ठरवायचं असतं. युनेस्को आणि ‘आयफ्ला’ या ग्रंथालयांच्या जागतिक महासंघानं १९९४ च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात ग्रंथपालाचं व्यावसायिक आणि निरंतर शिक्षण अपरिहार्य असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. त्याचे पैसे कोण देणार आणि ग्रंथपाल शिकायला गेल्यावर दार कोण उघडणार, हे मात्र ज्याच्या त्याच्या देशावर.

महाराष्ट्रात ग्रंथपाल म्हटलं की दोन निराळी जगं डोळ्यांपुढे आणावी लागतात.

पहिलं जग महाविद्यालयांचं आणि विद्यापीठांचं. इथल्या ग्रंथपालाला विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम लागू असतात. वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची असते. बढतीसाठी ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स करावे लागतात, त्यासाठी कर्तव्य रजा मिळते आणि देशभर ठरलेली केंद्रं असतात. या केंद्रांची नावं बदलत गेली: आधी अकॅडेमिक स्टाफ कॉलेज, मग मनुष्यबळ विकास केंद्र, आता मालवीय मिशन. काम साधारण तेच. विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांशी जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ‘सोल’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर शिकवतं, प्रादेशिक कार्यशाळा घेतं, परिषदा भरवतं. या जगात संधींची वाण नाही. उलट इथली अडचण अशी की कोर्स बढतीला जोडलेला असल्यामुळे काही जण तो गुणांसाठी उरकतात. वर्गात बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून ते कळतं.

दुसरं जग सार्वजनिक ग्रंथालयांचं. हे समजून घ्यायला थोडं कायद्यात शिरावं लागेल. मद्रास प्रांतानं १९४८ मध्ये स्वतंत्र भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला, त्यात ग्रंथालय कर होता. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ मध्ये, आणि त्यात करच नाही. आपल्याकडे ग्रंथालयं चालवतात त्या स्थानिक संस्था. सरकार त्यांना अ, ब, क, ड असा दर्जा देऊन त्याप्रमाणे वार्षिक अनुदान देतं. या रचनेनं मराठी मुलखाला खूप दिलं. शंभरी ओलांडलेली नगर वाचनालयं गावानं स्वतः उभी केली आणि गावच ती आपली मानतं. पण तिची किंमत मोजतो तो तिथला ग्रंथपाल. तो सरकारी नोकर नसतो, त्याचा पगार अनुदानाच्या ठरलेल्या हिश्श्यातून निघतो, आणि ड वर्गाच्या ग्रंथालयाचं अख्खं वर्षाचं अनुदान हजारांत मोजायचं असतं. मग त्याच्या वाट्याला काय येत असेल त्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

या माणसासाठी शिकण्याची पहिली पायरी म्हणजे ग्रंथालय शास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. जिल्हा ग्रंथालय संघ तो चालवतात आणि तो मराठीत असतो, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. दहावी-बारावी झालेली, लग्न होऊन गावात आलेली आणि वाचनालयात अर्धवेळ काम करणारी एखादी बाई तो पूर्ण करू शकते. पुढे शिकायचं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांच्यामुळे नोकरी सांभाळून बी.लिब., एम.लिब. या ग्रंथालय शास्त्राच्या पदव्या घेता येतात. पण त्यानंतर? ड वर्गात कर्मचारी एकच. तो ग्रंथपाल, तोच लिपिक, झाडूही त्याच्याच हातात. एम.लिब. करून आला तरी पगार तोच आणि खुर्ची तीच. म्हणून हुशार माणूस बी.लिब. झाल्या झाल्या शाळा-कॉलेजच्या जाहिराती पाहू लागतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांत वेतनश्रेणीचे ठराव सतत का होतात, हे यावरून समजावं. हे लोक सारखं पगाराबद्दलच बोलतात अशी नाकं मुरडणाऱ्यांनी, पगाराशिवाय प्रशिक्षण टिकतं का, याचं उत्तर द्यावं.

शिवाय कार्यशाळा कुठेही असो, एकट्या कर्मचाऱ्याला ती गाठायची तर ग्रंथालयाला कुलूप लावावं लागतं. तीन दिवस वाचनालय बंद म्हटल्यावर कार्यकारिणीतल्या एखाद्याचा आवाज चढतोच. प्रशिक्षणाचं शुल्क माफ करणाऱ्या योजना बऱ्याच असतात. बदली माणसाचा तीन दिवसांचा पगार देणारी योजना शोधून काढा, मग बोलू.

आता परदेशातल्या संधी. त्यांच्याभोवती वलय मोठं असतं, म्हणून त्या नेमक्या कशा चालतात ते पाहू. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९९१ पासून मॉर्टेन्सन सेंटर आहे. जगभरातले ग्रंथपाल तिथे काही आठवड्यांसाठी जातात, आसपासची ग्रंथालयं पाहतात, नेतृत्व, निधी उभारणी, तंत्रज्ञान अशा विषयांवर शिकतात. आयफ्लाची जागतिक परिषद बहुतेक वर्षी भरते. १९९२ मध्ये ती नवी दिल्लीत भरली होती, २०२५ मध्ये कझाकस्तानातल्या अस्तानाला. नुसतं नोंदणी शुल्कच काही शे युरो असतं, त्यामुळे विकसनशील देशांतल्या लोकांसाठी निरनिराळ्या संस्था अनुदानं जाहीर करतात. जागा मूठभर, अर्ज ढीगभर.

या अर्जांत साधारण एकाच प्रकारचं काही तरी मागतात. इंग्रजीतलं निवेदन, वरिष्ठांचं परवानगीपत्र, आणि परत आल्यावर काय करणार याचा आराखडा. कित्येकदा विमानाचं तिकीट आणि व्हिसा आधी स्वतःच्या खिशातून, भरपाई मागाहून. म्हणजे गाळणी चार झाल्या: भाषा, रजा, रोख रक्कम आणि संस्थेचं वजन. यातून खाली उतरतो तो बहुधा विद्यापीठातला ग्रंथपाल. तो लायक नसतो असं नाही, पण ज्याला आधीच बऱ्याच संधी होत्या त्यालाच ही आणखी एक मिळते.

तरीही परदेशी शिक्षणाला मोडीत काढता येत नाही, कारण आपल्याकडे रंगनाथन होऊन गेले. शियाली रामामृत रंगनाथन गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी लंडनला शिकायला गेले. तिथे त्यांनी वर्गात बसण्याइतकाच वेळ ग्रंथालयं हिंडण्यात घालवला. १९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ निघाला, १९२९ मध्ये त्या संघाचा ग्रंथालय शास्त्राचा वर्ग सुरू झाला. एका माणसाच्या प्रवासखर्चातून पुढे कितीतरी जण शिकले. ग्रंथालय शास्त्राचे पाच नियम, द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकं विषयवार लावण्याची त्यांची पद्धत, हे त्यानंतरचं. आजच्या अनुदानांच्या अर्जातला ‘परत आल्यावर काय करणार’ हा रकाना खरं तर याच कारणासाठी असतो, पण तो भरला गेला का हे नंतर क्वचितच कोणी विचारतं.

‘विकसनशील’ या शिक्क्याचीही एक गंमत आहे. रिसर्च फॉर लाइफ नावाची योजना गरीब देशांतल्या संस्थांना महागडी शोधनियतकालिकं फुकट किंवा नाममात्र दरात देते आणि ती वापरायला शिकवतेही. २००२ मध्ये आरोग्य विषयापासून तिची सुरुवात झाली. नेपाळमधलं वैद्यकीय महाविद्यालय तिचा लाभ घेऊ शकतं. भारत या यादीत बसत नाही, कारण देशाची अर्थव्यवस्था मोठी आणि प्रकाशकांच्या दृष्टीनं इथे गिऱ्हाईक आहे. माणशी उत्पन्न कमी असलं तरी एकूण बाजार मोठा, म्हणून बाहेर. भारतानं यावर आपला वेगळा तोडगा काढला. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० ई-नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधन संस्था. कारभार इन्फ्लिबनेटकडे. सार्वजनिक ग्रंथालयं यात नाहीत. आणि जी महाविद्यालयं आहेत त्यांच्यापुढे प्रश्न असा की, एवढं भांडार उघडल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला त्यात शोध घ्यायला शिकवणार कोण? उत्तर ग्रंथपाल हेच. त्याला हे शिकवण्याची तरतूद त्या ६,००० कोटींच्या मानानं किती, हा प्रश्न धोरण आखणाऱ्यांना विचारत राहायला हवा.

पैसा बाहेरून आला की आणखी एक पेच येतो. गेट्स फाउंडेशननं ‘ग्लोबल लायब्ररीज’ या कार्यक्रमातून वीसेक वर्षं जगभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत संगणक, इंटरनेट आणि प्रशिक्षणावर खर्च केला. होतकरू ग्रंथपालांना एकमेकांशी जोडणारं ‘इनेली’ हे जाळं त्यातूनच उभं राहिलं, त्याचा भारत-दक्षिण आशियासाठी वेगळा भागही होता. २०१८ च्या अखेरीला फाउंडेशननं हा कार्यक्रम बंद केला. आधी कळवून, नीट आवराआवर करून केला, तरी बंदच. देणगीदाराला कायम देत राहण्याचं बंधन नसतं. म्हणून देणगीदार असताना काय उभं राहिलं हे महत्त्वाचं.

इथे आफ्रिकेतलं एक उदाहरण शिकण्यासारखं आहे. ‘आयफल’ ही लिथुआनियात मुख्यालय असलेली संस्था केनिया, युगांडा, घाना, झांबिया अशा देशांत काम करते. तिथे तिनं आधी स्थानिक ग्रंथपालांतूनच प्रशिक्षक तयार करण्यावर भर दिला. हे प्रशिक्षक मग आपल्याच देशातल्या छोट्या ग्रंथालयांच्या लोकांना शिकवतात. बाहेरचा तज्ज्ञ परत गेला तरी शिकवणारा तिथेच राहतो. बडोद्यात कुडाळकर होते, तसंच.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण तर त्याहून चांगलं. श्रीलंकेत ग्रंथपालांची संघटना १९६० पासून आहे. ती ग्रंथालय शास्त्राची पदविका स्वतः चालवते, टप्प्याटप्प्यानं, आणि सिंहली, तमिळ, इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांत. नोकरी करता करता एकेक पायरी चढता येते. व्यवसायाच्या संघटनेनंच आपल्या लोकांना शिकवावं, त्यांच्या भाषेत शिकवावं आणि त्या शिक्षणाला देशात मान असावा, हे सगळं एका लहानशा देशानं जमवलं. महाराष्ट्रातल्या जिल्हा संघांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही पहिली पायरी धरली, तर त्यावर दुसरी आणि तिसरी पायरी बांधायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

भाषेचा मुद्दा मी धरून बसतो त्याला नेमकं कारण आहे. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणाऱ्या ड्युई दशांश वर्गीकरणात सगळं मराठी साहित्य ८९१.४६ या एका आकड्यात येतं. मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३. अमेरिकेतल्या ग्रंथालयात मराठीची चाळीस पुस्तकं असतील तर हे उत्तम. पण गावच्या वाचनालयात निम्मं कपाट याच आकड्यात जातं आणि वर्गीकरण केल्याचा उपयोग शून्य. मग ग्रंथपालाला स्वतःची सोय लावावी लागते: लेखकाच्या आडनावावर रचायचं, की ऐतिहासिक, रहस्य, बालसाहित्य असे गट पाडायचे, ललित आणि आत्मचरित्र यांची सीमा कुठे आखायची. हे कुठल्याच आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत शिकवत नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या, वीस वर्षं हेच करणाऱ्या ग्रंथपाल ताई हे एका दुपारी शिकवू शकतात.

दुसरं उदाहरण फाँटचं. कित्येक वाचनालयांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेनं पुस्तकांच्या याद्या संगणकावर चढवल्या, पण त्या युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरं येण्याआधीच्या, फाँटमध्ये. आज ती फाइल उघडली तर कचरा दिसतो, शोध घेणं तर दूरच. अशा ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याला कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या चर्चासत्राला पाठवण्याआधी युनिकोड मराठी टंकलेखन आणि जुनी यादी नव्यात आणण्याची रीत शिकवावी. विषय चकचकीत नाही, हे मान्य.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींत चांगल्याही आहेत. ‘कोहा’ हे न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी बनलेलं आणि २००० मध्ये वापरात आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आज जगभर चालतं, परवान्याचे पैसे पडत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात कोहावर छोट्या व्हिडिओंची मालिका आहे. व्हिडिओ थांबवत थांबवत सोबत करून पाहायचं, अशी पद्धत. मात्र पाच-सहा हजार पुस्तकांच्या ग्रंथालयात कोहाचा सर्व्हर सांभाळण्यापेक्षा नीट ठेवलेली स्प्रेडशीट बरी, हे सांगायला कोणी कचरू नये. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर ग्रंथालय शास्त्राचे विषय शिकता येतात, शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क. विकिपीडियावर दर वर्षी ग्रंथपालांसाठी ‘वन लिब वन रेफ’ ही मोहीम असते: प्रत्येक ग्रंथपालानं निदान एका लेखाला एक संदर्भ जोडायचा. जुने मराठी अंक ज्यांच्या कपाटात आहेत त्यांच्या हातून मराठी विकिपीडियाचं केवढं काम होईल! आणि संदर्भ तपासण्याचा सरावही त्यातच होतो.

फसवणुकीचा धंदाही याच वाटेवर बसलेला आहे, त्याबद्दल दोन शब्द. बढतीला शोधनिबंध आणि परिषदा मोजल्या जातात, म्हणून ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ नावाखाली हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचा कार्यक्रम होतो; शुल्क भरा, निबंध न वाचताही प्रमाणपत्र घ्या. भंपक नियतकालिकांना आवर घालायला विद्यापीठ अनुदान आयोगानं काढलेली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता संस्थांनी आणि व्यक्तींनी करायची. खुशामत करणारी ईमेल न मागता आली, दोन दिवसांत निबंध स्वीकारला, गेल्या वर्षीच्या परिषदेचा वृत्तांत कुठे सापडत नाही, तर पैसे भरू नयेत. ग्रंथपालाचा पेशाच मुळी स्रोत तपासण्याचा, त्यानंच इथे फसावं हे वाईट.

कार्यकारिणीवर असणाऱ्यांना करता येण्यासारखं एक काम आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून पुस्तक खरेदीला मदत करतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण चर्चासत्रं, कार्यशाळा आणि उजळणी वर्ग भरवण्यासाठीही त्याची मदत असते, ती फारशी कोणी मागत नाही. या समतुल्य योजनेत राज्याचा वाटा आणि प्रतिष्ठानचा वाटा एकत्र होतो, प्रस्ताव राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेमार्फत जातो. तालुक्यातल्या दहा ग्रंथालयांनी मिळून जिल्हा संघाकडून असा प्रस्ताव करून घ्यावा. विषय स्वतः ठरवावा, शिकवायला जिल्ह्यातलाच अनुभवी ग्रंथपाल घ्यावा, आणि वर्ग सलग तीन दिवस न ठेवता साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, तीन आठवडे ठेवावा. सुट्टीचं काम झालं म्हणून बदली रजा किंवा मानधन द्यायचं हे कार्यकारिणीनं आधीच ठरावात लिहून घ्यावं, नाही तर त्या ओझ्याखाली पुन्हा तोच एकटा कर्मचारी येतो.